दुसरी थप्पड

सारंग म्हणजे जहाजावरच्या खलाशांचा मुकादम. नांगर टाकणं, दोर बांधणं, गंज खरवडणं, रंग मारणं, ही सगळी कामं तो करवून घेतो. या सारंगाला मान जवळपास नव्हतीच. डोकं थेट खांद्यावर ठेवल्यासारखं. नाक दोनदा मोडून दोन्ही वेळा चुकीचं जुळलेलं. आणि हात असे की चहाचा कप धरला की कप गेला कुठे असं बघणाऱ्याला वाटायचं.

लोहाराच्या भट्टीमागच्या खोलीत तो वाढला. बाप लोहार. बापाला बोलायचा कंटाळा होता. भूक लागली, पाणी हवं, दार लावा, कमी आवाज करा, हे सगळं तो पोरांना मारून सांगायचा आणि पोरांना ते कळायचंही. हाताशी असेल त्याने मारायचा. पट्टा, झाडू, लाकडाची फळी, एकदा तर नुकतीच आणलेली कोबीची गड्डी. त्या कोबीची गोष्ट सांगताना सारंग पुढे आयुष्यभर हसला, पण त्या दिवशी त्याचा कान फुटला होता, हे तो हसून झाल्यावर सांगायचा.

मिसरूड फुटायच्या सुमाराला एकदा बापाने आईच्या दिशेने तापलेली सळई भिरकावली. ती तिच्या पोटरीला चाटून गेली. कातडी जळाल्याचा वास खोलीत पसरला. पोराने सांडशी उचलली आणि बापाच्या डोक्यात घातली. बाप भट्टीशेजारी आडवा झाला आणि त्याच्या डोक्यातून रक्ताची धार राखेत गेली. आई लंगडत धावली ती नवऱ्याकडे. त्याच्या जखमेवर हात दाबून पोराला म्हणाली, "मारलंस रे त्याला मेल्या. आता घण कोण उचलणार, तुझा आजा?"

बाप मेला नाही. पोरगा मात्र त्याच दिवशी बंदराकडे निघाला आणि माल वाहणाऱ्या जहाजावर झाडलोटीला लागला.

तिथे भट्टीतलंच शिक्षण पुढे चालू झालं. पहिल्या वर्षी त्याने मार खाल्ला. दुसऱ्या वर्षी परत दिला. एका आचाऱ्याने भांडणात उकळत्या तेलाचा झारा फेकला, त्याचे डाग त्याच्या डाव्या दंडावर कायमचे राहिले. आचाऱ्याच्या पुढच्या दातांचं काय झालं हे कोणी विचारलं की सारंग म्हणायचा, "त्याला तसंही मऊच आवडायचं." हळूहळू तो वर चढला, सारंग झाला. खलाशी म्हणायचे, हा आधी हात पाठवतो, शब्द मागून चालत येतात.

पण दोराच्या कामात त्याचा हात बरोबर होता, हे त्याचे दुष्मनही मान्य करायचे. जहाज धक्क्याला लावताना जे दोर ताणतात ते मांडीएवढे जाड असतात. समुद्र आत-बाहेर हलत असला की जहाज दोराला हिसके देतं, आणि असा दोर तुटला तर त्याचं टोक बंदुकीच्या गोळीसारखं मागे येतं. सारंगाने ते एकदा पाहिलं होतं. त्याचा एक जोडीदार होता, काम करताना सारखा गुणगुणायचा म्हणून त्याला गवई म्हणत. दोर कुरकुरायला लागला तेव्हा गवई वाटेत उभा होता. सारंग ओरडला. कोण ओरडतंय म्हणून गवई वळून बघायला लागला, आणि तेवढ्यात तोफ उडाल्यासारखा आवाज झाला. गवई उभाच दिसला. मग तो खाली बसायला लागला, आणि सारंगाच्या लक्षात आलं की तो बसत नाहीये, त्याला गुडघ्याखाली काही उरलेलंच नाहीये. डेकवर पाणी मारून मारून खलाशी थकले तरी लाकडाच्या फटींतून लाल येतच राहिलं.

तेव्हापासून दोरापाशी सारंगाचा एकच कायदा. ओरडायचं नाही, मारायचं. हाक मारली की माणूस वळून बघतो, लाथ मारली की हलतो. खलाशांनीही तो कायदा मानला. इतकंच नाही, त्याची रीत पडली. दोरापाशी ज्याने लाथ खाल्ली त्याने काम संपल्यावर मारणाऱ्याला सिगारेट द्यायची, आणि दोघांनी एकाच काडीवर पेटवायची. त्यानंतर त्या लाथेचा विषय काढायचा नाही.

घोळ असा झाला की सारंग सुट्टीवर घरी जायचा तेव्हा हा कायदाही त्याच्याबरोबर जायचा.

एका सुट्टीत तो खोलीतलं लोखंडी कपाट एकट्याने हलवत होता. बायको मध्ये उभी राहून म्हणत होती, अरे थांब, शेजारच्याला बोलावते. तो थांबला नाही, बोललाही नाही. मोकळ्या हाताने त्याने तिला वाटेतून उडवली. ती दाराच्या चौकटीवर आपटली, भुवई फाटली, डोळ्यात रक्त उतरलं. कपाट जागेवर बसल्यावर त्याने वळून पाहिलं. टेबलाखाली त्यांची पोरगी बसली होती आणि कानांवर हात ठेवून त्याच्याकडे बघत होती.

बायको पोरीला घेऊन भावाकडे गेली. ती शिवणकाम करायची, आपलं मशीनही तिने टेम्पोत घालून नेलं, म्हणजे परत यायचा विचार नव्हता. परत आली ती पुष्कळ महिन्यांनी, आणि दाराबाहेर उभी राहूनच बोलली.

"हात उचलायचा नाही. माझ्यावर नाही, पोरीवर नाही, कोणावरच नाही. घरात नाही आणि जहाजावरही नाही. एकदा जरी कळलं तरी मी आणि ती, दोघी गेलो. पुन्हा तोंड दिसणार नाही."

"जहाजावरचं तुला कसं कळणार?"

"माझा भाऊ तुझ्याबरोबर राहील."

भाऊ म्हणजे सारंगाचा मेव्हणा. काडीसारखा माणूस, विंच चालवायचा, म्हणजे दोर ओढणारं यंत्र. दिवसभर बडबड करायचा म्हणून खलाशांनी त्याचं नाव रेडिओ ठेवलं होतं. सारंग चरफडला, पण बायकोची भुवई नीट जुळलीच नव्हती, तिकडे बघून गप्प बसला. बायकोनेच भावाकडून चौकशी करून जहाजही निवडलं. कॉलेजची पोरं घेऊन फिरणारं.

"तिथे पोरांच्या अंगाला बोट लावलं तरी पुढच्या बंदरात उतरवतात," ती म्हणाली. "तुला तेच बरं."

जहाज जुनं प्रवासी होतं. जिथे पूर्वी नाचघर होतं तिथे आता वर्ग भरायचे. खुर्च्या साखळीने जमिनीला बांधलेल्या, फळ्याला चारी कोपऱ्यांना पट्टे. पुस्तकांच्या कपाटांना आडव्या दांड्या, नाहीतर वादळात इतिहास आणि गणित एकमेकांच्या अंगावर पडायचे. एक सत्र समुद्रावर, दर काही दिवसांनी नवं बंदर. पहिल्या आठवड्यात पोरं जिन्यात, गॅलरीत, एकमेकांच्या बुटांत ओकायची, आणि दुसऱ्या आठवड्यात तीच पोरं समुद्रावर जन्मल्यासारखी कठड्याला रेलून गाणी म्हणायची. सारंगाला सुरुवातीला त्यांचा राग यायचा. ओल्या रंगावरून चालत जायची, नांगराच्या साखळीवर टॉवेल वाळत घालायची. त्याची मूठ वळायची. मग समोर रेडिओ उभा दिसायचा, तेलाचा डबा हातात घेऊन, बहिणीचं नाक आणि बहिणीचेच डोळे.

"भाऊजी, पाणी प्या," रेडिओ म्हणायचा.

"तुझं रक्त पितो."

"ते हात उचलण्यात धरायचं का, ताईला विचारतो."

दर रविवारी रेडिओ घरी फोन लावायचा. बहीण दुसरं काही विचारायच्या आधीच तो म्हणायचा, "ताई, शून्य." मग फोन सारंगाकडे द्यायचा, आणि सारंग पोरीशी बोलायचा. काही वर्षांत पोरगी मोठी झाली होती, कॉलेजला जायला लागली होती, आणि फोनवर पहिल्यांदा हो-नाही, मग एखादं वाक्य, मग हळूहळू तक्रारी करायला लागली होती. बाप लोकांना पोरीच्या तक्रारी ऐकून कंटाळा येतो. हा माणूस त्या ऐकायला रविवारपर्यंत दिवस ढकलायचा. रविवारचं शून्य म्हणजे त्याचं घर होतं. ते गेलं की घर गेलं.

त्या सत्रात एक पोरगी आली होती, तिला खलाशी प्रश्नवाली म्हणायचे. ती आणि तिच्या प्राध्यापक बाई समुद्रावर राबणाऱ्या माणसांचा अभ्यास करत होत्या. बाई आचाऱ्यांकडे गेल्या, पोरगी खलाशांकडे आली. दिवसभर मागे. दोर कशाचा, गाठ अशी का, तुम्ही बूट कुठून घेता, भीती वाटते का, रडता का.

"रडतो ना," रेडिओ म्हणाला. "भाऊजी जेवायला बसले की उरलेले आम्ही रडतो."

सारंगाने तिला हाकलायचा प्रयत्न केला. मग तिला एक गाठ दाखवली. तिने ती चुकीची बांधली, त्याने सोडली. तिने परत चुकीची बांधली. पाचव्यांदा ती बरोबर आली तेव्हा ती इतकी खूश झाली की सारंगालाच लाजल्यासारखं झालं. त्या रविवारी तो घरी फोनवर म्हणाला, इथे तुझ्यासारखीच एक आहे, डोकं खाते. पलीकडून पोरगी म्हणाली, "मग तिला बरं ठेवा."

जहाज धक्क्याला लागतं तेव्हाचं काम बघायचं आहे, असा प्रश्नवालीने हट्ट धरला. कप्तानाने परवानगी दिली, पण जबाबदारी सारंगावर टाकली. सारंगाने जहाजाच्या नाकाडावरच्या डेकवर, विंचच्या मागे सुरक्षित जागा पाहून स्वतः ब्रशने एक पिवळा चौकोन काढला. तिला त्यात उभी केली.

"या चौकोनाबाहेर पाय टाकायचा नाही."

"शिंक आली तर?"

"आतल्या आत शिंक. आभाळ कोसळलं तरी इथून हलायचं नाही. कळलं?"

"कळलं, काका."

त्या दिवशी बंदरात लाट आत येत होती. ती दिसायची नाही, नुसतं सगळं बंदर श्वास घेतल्यासारखं वर-खाली व्हायचं. धक्क्यावरच्या ज्या खुंटाला दोर लावायचा ठरला होता तो दुसऱ्या जहाजाने आधीच घेतला होता. कप्तानाचा वॉकीटॉकीवर हुकूम आला, दोर कडेच्या लोखंडी फिरत्या रुळावरून वळवून पलीकडच्या खुंटाला लावा. सारंगाने चार माणसं पळवली, दोर काढला, रुळावरून वळवला, परत विंचला आणला. काम नेहमीसारखं झटक्यात झालं. पण दोराची वाट बदलली होती. आता रुळापाशी दोर तुटला असता तर त्याचं टोक सरळ पिवळ्या चौकोनावरून गेलं असतं. चौकोन त्यानेच काढला होता, दोरही त्यानेच वळवला होता, आणि दोन गोष्टी त्याच्या डोक्यात एकत्र आल्याच नाहीत.

लाटेने जहाजाला धक्क्यापासून ओढलं. दोर पाण्यातून वर आला, ताठ झाला, त्यातून पिळल्यासारखं पाणी उडालं. मग तो बारीक झाला आणि गुणगुणायला लागला. सारंगाची नजर सवयीने दोरावरून निघाली, रुळावर गेली, तिथून जिकडे टोक उडेल तिकडे गेली. तिथे प्रश्नवाली उभी होती.

 आणि त्याने जे गवईनंतर कधीच केलं नव्हतं ते केलं. तो ओरडला.

"हल तिथून."

मारायचं नाही, पोरीच्या अंगाला हात नाही, रविवार, शून्य, हे सगळं त्या ओरडण्यात होतं. प्रश्नवालीने त्याच्याकडे पाहिलं, हसली, आणि बोटाने आपल्या पायांकडे दाखवलं. दोन्ही पाय चौकोनाच्या आत होते.

तो धावला. खांदा आणि पंजा दोन्ही तिच्या छातीत बसले. ती चौकोनातून उडून डेकवरच्या लोखंडी खुंटावर आदळली आणि वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. तो तिच्या शेजारी पालथा पडला, डोक्यावर हात घेऊन, तोफेची वाट बघत.

तोफ उडाली नाही. रेडिओने विंचचा ब्रेक सोडला होता. दोर ढिला पडला, पाण्यात आपटला आणि नुसता तरंगत राहिला. बाकीचे खलाशी कठड्यावरून खाली धक्क्यावरच्या माणसांना शिव्या घालत होते. प्रश्नवाली खुंटाला टेकून उठून बसली. तिचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली आला होता. ओठातून रक्त हनुवटीवर उतरलं होतं. चेहरा पांढराफटक.

ती म्हणाली, "तुम्हीच म्हणालात हलू नको म्हणून."

आणि सारंगाचा हात गेला. पूर्ण पंजा, गालावर. तिचं डोकं खुंटावर आपटलं, तोंडातून दाताचा तुकडा डेकवर पडला आणि घरंगळत पिवळ्या रंगापाशी थांबला. तिचे डोळे फिरले.

विंचच्या दांड्याला धरून उभा असलेला रेडिओ हे सगळं बघत होता. एरवी तोंड न मिटणाऱ्या त्या माणसाच्या तोंडातून हवासुद्धा बाहेर आली नाही.

त्याच दुपारी कप्तानाच्या खोलीत चौकशी झाली. प्राध्यापक बाई उठून उभ्या राहिल्या. "हाड मोडलंय तिचं," त्या म्हणाल्या, "याला पोलिसांत द्या." डोलकाठीवर कॅमेरा होता, त्याचं चित्र सगळ्यांनी पाहिलं. त्यात सारंग धावताना दिसत होता, पोरगी उडताना दिसत होती. त्यानंतरचं विंचच्या आड गेलं होतं. कप्तानाने बोटाने पडद्यावर दोराची वाट दाखवली, टोक कुठे आलं असतं ते दाखवलं, आणि चौकोनावर बोट ठेवून थांबला. बाई त्या बोटाकडे बघत राहिल्या. मग खाली बसल्या आणि त्यांना रडू फुटलं. चौकोन चुकला होता हे सारंगाने कबूल केलं. कप्तान म्हणाला, दोर वळवायचा हुकूम माझा होता, तेवढं आपण वाटून घेऊ. रेडिओला विचारलं तर तो म्हणाला, "कॅमेऱ्यात दिसतं तेच."

रात्रीच्या जेवणाला सारंग पोरांच्या भोजनगृहावरून जात होता तेव्हा आतून टाळ्या सुरू झाल्या. पोरं उभी राहिली. कोणी त्याच्या पाठीवर थाप मारली, कोणी फोटो काढला, एकाने विचारलं की आमच्या वर्गात येऊन बोलाल का. सारंग खाली खलाशांच्या जेवणघरात गेला. तिथे जुन्या रितीप्रमाणे कोणीतरी प्रश्नवालीच्या नावाने एक सिगारेट त्याच्या ताटाशेजारी ठेवली होती. त्याने ती उचलून परत ठेवली. ताटाला हात लावला नाही.

रेडिओ शेजारी येऊन बसला. हळू आवाजात म्हणाला, "भाऊजी, मी गप्प बसलो ते तुमच्यासाठी नाही. भाचीसाठी. ती आत्ता कुठे तुमच्याशी बोलायला लागलीये."

"माहीत आहे."

"रविवारी मी शून्य म्हणणार आहे. तुम्हीही तेच म्हणा. पहिला फटका तर दोराचा होता."

"हो."

"मग झालं. दुसरा मी पाहिलाच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रश्नवालीने निरोप पाठवला. जहाजाच्या दवाखान्यात ती उशांना टेकून बसली होती, हात गळ्यात बांधलेला, गाल सुजून डोळा मिटलेला. सारंग दारातच उभा राहिला. मागोमाग पाना हातात घेऊन रेडिओ आला, दाराची बिजागरी बघतो म्हणत.

"काका, एक विचारू?" तुटक्या दातातून तिचा शब्द फसफसत होता. "मी कप्तानांना सांगितलं, तुम्ही मला ढकललं म्हणून मी वाचले. पण मला ना, नंतर अजून एक थप्पड आठवते. बाई म्हणतात डोक्याला मार बसला की असे भास होतात. डॉक्टरही तेच म्हणाले." ती एका डोळ्याने त्याच्याकडे बघत होती. "भासच असेल ना? एकच होती ना?"

दारामागे बिजागरीचा आवाज थांबला.

सारंगाला नुसतं हो म्हणायचं होतं. पण त्याला बायको आठवली. भुवई फाटल्यावर ती शेजारणीला सांगत होती, कपाट लागलं हो. मग दुसरीला. मग तिसरीला. आणि एका दुपारी एकटीच असताना तिने त्याला विचारलं होतं, "कपाटच लागलं होतं ना मला?" अगदी याच आवाजात. त्याने तेव्हा हो म्हटलं होतं.

"दोन होत्या," तो म्हणाला.

प्रश्नवालीने उशीवरून मान उचलली.

"पहिली दोराची. दुसरी दोराची नव्हती. दोर तोपर्यंत पाण्यात पडला होता. चूक माझी होती आणि तू ती बोलून दाखवलीस, म्हणून मारली."

दारामागे लोखंडी फरशीवर पाना इतक्या जोरात आपटला की दवाखान्यातल्या बाटल्या वाजल्या.

"मग मला वेड लागलेलं नाही," प्रश्नवाली म्हणाली.

"नाही."

तिने मान भिंतीकडे वळवली. "जा तुम्ही आता."

तो तिथून कप्तानाकडे गेला आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं, म्हणजे तिला पुन्हा कोणापुढे सांगायला लागू नये. कप्तानाने खुर्ची खिडकीकडे फिरवली. "अरे, मिटलं होतं," तो म्हणाला. मग म्हणाला, "सामान बांध." टाळ्या वाजवणारी पोरं त्या संध्याकाळी त्याला बघून भिंतीला चिकटून उभी राहिली. एकजण त्याच्या बुटांवर थुंकला. सारंगाच्या मुठी मिटल्या, उघडल्या. तो थुंकी न पुसता पुढे गेला.

पुढच्या बंदरात तो उतरला. रविवारची वाट न बघता त्याने तिथूनच घरी फोन लावला. बायकोने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाच विचारलं, "माझा भाऊ काय म्हणाला?"

"त्याने पाहिलं. गप्प बसला."

"त्याचं मी बघते." मागून मशीनचा आवाज येत होता. ती बोलताना शिवत होती. "यावेळी ठरवणारी मी नाही. पोरीला तू सांग. तोंडावर येऊन सांग. ती काय म्हणेल ते."

तो घरी पोचला तेव्हा ऊन उतरत होतं. पोरीनेच दार उघडलं. त्याच्या उंचीला आली होती. तो आत गेला नाही. पिशवी खांद्यावर तशीच ठेवून त्याने दारातच सगळं सांगितलं, चौकोन, दोर, पहिला फटका, दुसरा फटका, दात. पोरगी दाराला धरून ऐकत होती.

"केवढी होती?"

"तुझ्याएवढी."

"तिने तुम्हाला परत मारलं?"

"नाही."

"का?"

"तिचा हात मोडला होता."

"माझा नाही मोडलेला," पोरगी म्हणाली, आणि तिने त्याच्या कानाखाली मारली. हात लहान होता पण कोपरापासून फिरून आला होता. सारंगाचं डोकं चौकटीला लागलं. तो हलला नाही. तिने परत मारली, यावेळी जास्त जोरात, दात चावून, आणि तिसरीसाठी हात वर गेला तेव्हा आतून बायको आली आणि तिने तो हात हवेतच धरला.

"पुरे."

"यानेच..."

"मी पाहिलं. त्याच्यासाठी जे सांगितलं तेच तुलाही. या घरात हात उचलणाऱ्याला जागा नाही." तिने पोरीला दंडाला धरून उंबऱ्याबाहेर काढली, नवऱ्याच्या शेजारी. "बसा दोघं बाहेर."

"आई, मी काय केलं?"

दार लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला, मग मशीन चालू झालं.

 मग सारंग पायरीवर बसला. पोरगी त्याच्यापासून जेवढं लांब बसता येईल तेवढं लांब, पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसली. तिचा तळहात लाल झाला होता. ती तो बघत होती, उलटा, सुलटा. शेजारचा माणूस सायकल आत घेताना थांबला, दोघांकडे पाहिलं, आणि काही न विचारता आत गेला.

"दुखतंय?" सारंगाने विचारलं.

"तुम्ही बोलू नका माझ्याशी."

 आत मशीन थांबलं, परत चाललं. समोरच्या भिंतीवरचं ऊन कौलांवर चढलं.

"तिचं हाड जुळेल का?" पोरगी म्हणाली.

"डॉक्टर म्हणाले जुळेल."

"आणि दात?"

"दात नाही."

पोरीने लाल तळहात गुडघ्यांच्या मध्ये दाबून धरला. त्याच्याकडे बघितलं नाही.

"सांगा मग," ती म्हणाली. "पहिल्यापासून. ती कोण, कुठली, काय विचारायची. आई कडी काढेपर्यंत."